गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या बायांबद्दल

सकाळपासून डोकं ठणकतंय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. कुठल्याशा गावातल्या उकिरड्यावर पडलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या. खाली एका शहाण्याने लिहिलंय, "सरकार फुकट देतं आणि हे अडाणी फेकतात. मग पाय सुजले की रडत बसतात." त्यावर अकरा जणांचे खदाखदा हसणारे चेहरे. त्या अकरांतले चौघे माझ्या आत्याच्या ओसरीवर पंगतीला बसून जेवलेत. तिच्या पायाकडे चोरून बघत.

आत्याचं गाव नागपूर जिल्ह्यातच, पण भंडाऱ्याच्या अंगाला, धानाच्या पट्ट्यात. तिचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा. लहानपणी मला वाटायचं, ती जन्मतःच तशी असेल. लुगड्याचा काठ त्या एका बाजूला ती जरा खाली सोडायची, एवढं आठवतं.

तर ही "अडाणी" बाई उपचाराला कुठे कुठे गेली, ते ऐका. पहिल्यांदा जांघेत गाठ आली, थंडी वाजून ताप भरला, पाय लाल झाला. तेव्हा हळद-चुन्याचा लेप. चार दिवसांनी ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता, पण घरात ठरलं की लेप लागू पडला. पुढच्या वेळी लेपाने भागेना, म्हणून शेजारच्या गावचा वैदू. त्याने दोरा बांधला. मग बाजाराच्या दिवशी येणारा एक सुईवाला, ज्याची डिग्री कुणी कधी पाहिली नव्हती. पण त्याने आत्याला खाटेवर बसवलं आणि पाय हातात घेऊन पाहिला. पुन्हा लिहिते, पाय हातात घेऊन पाहिला. पैसे धान निघाल्यावर दे म्हणाला. सगळ्यात शेवटी सरकारी दवाखाना. दोन गाड्या बदलून, एक रोजी बुडवून. तिथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं, "हत्तीपाय आहे, आता काही होत नाही," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता सांगा, पुढचा ताप आला तेव्हा ती कुणाकडे गेली असेल?

हो, सुईवाल्याने तिचं भलं केलं नाही. काय काय टोचलं देव जाणे. मान्य. पण तो होता. संध्याकाळी सातला, बांधीतून चिखलाचे पाय घेऊन आलेल्या बाईसाठी होता.

आणि ते रात्रीचं रक्त! या रोगाच्या बारीक अळ्या दिवसा रक्तात जवळपास सापडतच नाहीत. रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमारास त्या वरच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणून तपासणीवालेही रात्रीच येतात. शास्त्र बरोबर आहे. पण आत्याला ते कुणी आधी येऊन सांगितलं होतं? तिच्या तोंडून ऐका: "कुत्रं भुकलं. दारात दोन मानसं, हातात बॅटरी. म्हने बोटाचं रक्त द्या. काहून देऊ? कोन हो तुमी?" तिने आतून कडी लावली. अर्ध्या रात्री अनोळखी माणसांनी दार वाजवून रक्त मागितलं, तर तुमच्या सोसायटीत पोलीस बोलावतील. तिने नुसती कडी लावली तर ती अडाणी.

बरं, त्या गोळ्या. ग्रुपवरच्या शहाण्याला माहीत आहे का, किती असतात? डीईसी नावाच्या औषधाच्या तीन, अल्बेंडाझोलची एक चावून खायची, आणि जिथे आयव्हरमेक्टिनही देतात तिथे उंची मोजून त्याच्या आणखी. (उंची मोजायला लागल्यावर आत्या म्हणाली होती, "झंपर शिवतं का वो माह्यं?") काहीही दुखत नसलेल्या माणसाने, उपाशीपोटी नाही, समोर उभं राहून, मूठभर गोळ्या गिळायच्या. त्यातून ज्याच्या अंगात जंतू असतात त्यालाच बहुधा ताप येतो, मळमळतं, कारण आतल्या अळ्या मरतात. म्हणजे औषध काम करतंय. गावाने काय पाहिलं? गोळी खाल्ली आणि धडधाकट माणूस आजारी पडला. आणि आत्याने गोळ्या खाल्ल्या तरी पाय तसाच. एकदा सुजलेला पाय या गोळ्यांनी उतरत नाही, त्या पुढच्या माणसांना लागण होऊ नये म्हणून आहेत, हे एक वाक्य. एक! ते सांगायला कुणाला वेळ नव्हता.

लिहितेच आहे तर सांगून टाकते. उकिरड्यावर गोळ्या टाकणाऱ्यांत माझी आत्याही होती. एका वर्षी, ऐन रोवणीत. तिनेच मला हसत सांगितलं. मी तेव्हा तिला रागावले होते, शहरातून आलेल्या भाचीला शोभेल असं. ते आठवलं की आज त्या अकरा जणांपेक्षा स्वतःचीच लाज वाटते.

पुरुषांचं तर बोलायचीच सोय नाही. याच रोगाने अंडवृद्धी झालेली माणसं धोतर ढगळ नेसून जन्म काढतात. साधं ऑपरेशन आहे, सरकारी रुग्णालयात होतं. पण विचारणार कुणाला? गोळ्या वाटायला येते ती गावातलीच सून. तिला?

आशाताईंबद्दल मी वाकडं बोलणार नाही. तुटपुंज्या मोबदल्यात उन्हातान्हात दारोदार फिरतात. गोळ्या खायलाच हव्यात, हेही मान्य. श्रीलंका २०१६ मध्ये यातून सुटली. आपल्याकडे २००४ पासून गोळ्या वाटणं चालू आहे आणि आता २०२७ पर्यंत रोग संपवायचाय. नारू, तो पाण्यातून अंगात जाऊन पायातून बाहेर येणारा लांबलचक जंत, गेलाच की. त्याला ना लस होती ना मारणारं औषध. पाणी फडक्याने गाळलं, पायविहिरी बंद केल्या, कुणाला नारू झालाय हे लोकांनीच येऊन सांगितलं. १९९६ नंतर देशात एक रुग्ण नाही. त्याच लोकांनी केलं हे. काडीला नारू गुंडाळून रोज बोटभर ओढत बसणाऱ्या.

आत्याचं पुढे काय झालं? काही वर्षांपूर्वी एका सिस्टरने तिला अंगणात बसवलं, घमेल्यात पाणी घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिचा पाय धुतला. साबण लावून, हलक्या हाताने. बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या केल्या, चिरांना मलम लावलं. रोज असं कर आणि झोपताना पायाखाली उशी घे, म्हणाली. तेव्हापासून आत्याला तो तापाचा झटका क्वचितच येतो. पाय आहे तसाच आहे. पण वीस-बावीस वर्षं दर पावसाळ्यात अंथरुणाला खिळणारी बाई आता रोवणीला जाते. साबण आणि फडकं, बस.

त्या सिस्टरने पाय हातात घेतला होता, हे आत्या दर वेळी सांगते. साबणाचं नंतर.

ग्रुपवर काही लिहायला गेले आणि पुसलं. मग आत्याला फोन लावला, फोटोचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आपल्या गावचा हाय का तो?" नाही म्हटलं. "मंग जाऊ दे. अन् पोरी, येशीन तवा साबन आन. तो वासाचा नोको आनू, पायाले झोंबते."