रशियाने पाश्चात्त्य मूल्ये ‘कधीच’ मानली नाहीत?

‘रशियाच्या परराष्ट्र धोरणावर पाश्चात्त्य लोकशाही मूल्यांचा कधीच प्रभाव नव्हता’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. आजचं चित्र पाहून पटतोही, पण ‘कधीच’ हा शब्द चुकीचा आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री आंद्रेई कोझिरेव यांनी पाश्चात्त्य लोकशाही देशांना उघडपणे रशियाचे स्वाभाविक मित्र मानलं. मे १९९२मध्ये सर्बबहुल युगोस्लाव्हियावरच्या निर्बंधांना रशियाने सुरक्षा परिषदेत चक्क पाठिंबा दिला. सर्ब म्हणजे रशियाचे जुने स्लाव्ह भाऊबंद, त्यामुळे देशात बराच गदारोळ झाला.

त्याच डिसेंबरात स्टॉकहोमच्या परिषदेत कोझिरेव अचानक शीतयुद्धाच्या भाषेत बोलू लागले. सभागृह हादरलं. थोड्या वेळाने ते पुन्हा व्यासपीठावर आले आणि म्हणाले, हे माझं मत नाही; आमचे विरोधक सत्तेवर आले तर काय ऐकावं लागेल, त्याचा हा नमुना होता. (मुत्सद्देगिरीत असलं नाटक विरळाच.)

जानेवारी १९९६मध्ये कोझिरेव गेले, त्यांच्या जागी प्रिमाकोव परराष्ट्रमंत्री झाले, पाश्चात्त्यांशी मैत्रीचा सूर बदलला. तरी पुढच्याच महिन्यात रशिया युरोप परिषदेचा, म्हणजे लोकशाही आणि मानवी हक्कांसाठीच्या युरोपीय देशांच्या संघटनेचा, सदस्य झाला. तिथून त्याची हकालपट्टी झाली ती थेट मार्च २०२२मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर.