लिक्विड डॅमेज

माझी तक्रार सुटली आहे असं मला काल रात्री मेसेजवरून कळलं. "प्रिय ग्राहक, आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण करण्यात आले आहे." खाली पाच पिवळे तारे आणि एक हसरा चेहरा. बाकी सगळ्यांना मी एकवेळ माफ करीन, त्या हसऱ्या चेहऱ्याला नाही.

विषय तसा चिमूटभर. घरी माशांचा तीन फुटी टँक आहे, त्यात एंजल आणि निऑन टेट्रा जातीचे मासे, आणि मध्ये एक मोठं लाकूड. लाकडामुळे पाणी हळूहळू आंबट होतं, उलट पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, सात म्हणजे ना आंबट ना खारं, खाली आंबट, वर सोड्यासारखं) वर चढला तर माशांच्या घाणीतला अमोनिया जहाल होतो (पीएच ७ ला त्यातला शंभरात एक भागसुद्धा विषारी नसतो, ८ ला पाचेक भाग होतो, ९ ला तिसऱ्या हिश्श्याच्या वर), म्हणून म्हटलं टँकला कायमचा एक पीएच मॉनिटर लावून टाकू. पांढरी डबी, तिच्यातून निघालेली वायर, वायरच्या टोकाला वाटाण्याएवढा काचेचा फुगा. बायको म्हणाली, डोंबिवलीत राहून तुला माशांच्या पाण्याची काळजी, इथे २०२० साली अख्खा रस्ता गुलाबी झाला होता तेव्हा कुणी मॉनिटर लावला नव्हता. मुद्दा बिनतोड होता, पण ऑर्डर गेली होती.

आता ही वस्तू आणली आणि पाण्यात सोडली असं नसतं. आधी कॅलिब्रेट करायची. म्हणजे यंत्राला आधी आपण खरं काय ते सांगायचं आणि मग आयुष्यभर त्याच्याकडून ऐकून घ्यायचं. बरोबर ठरलेल्या पीएचच्या पावडरच्या पुड्या येतात, ६.८६ ची, ४.०० ची, ९.१८ ची, एकेक पुडी २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची. डिस्टिल्ड वॉटर मागितलं तर मेडिकलवाल्याने इंजेक्शनच्या पाण्याच्या बोटभर बाटल्या काढल्या आणि "पेशंट कोण?" म्हणून विचारलं, मी निघालो आणि गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं.

६.८६ च्या ग्लासात यंत्राने ७.०० दाखवलं. वाटलं, वा, जवळपास आहे. ४.०० च्या ग्लासात, ७.००. ९.१८ मध्ये, ७.००. कॅलिब्रेशनचं बटण दाबून धरलं की Err न लिहिता नुसतंच लुकलुकायचं. मग मी लिंबू पिळलं. ७.००. धुण्याचा सोडा कालवला. ७.००. हवेत धरलं तरी ७.००. इतकी तटस्थ वस्तू आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये हवी होती. पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात रात्रभर भिजवून बघितलं, टँकमधला हीटर, फिल्टर, लाइट एकेक करून बंद केले (हीटरमधून करंट झिरपत असेल तर आकडा नाचतो, पण इथे नाचतच नव्हता हीच तर बोंब होती), अंधारात एंजल माझ्याकडे बघत राहिले, आकडा जागचा हलला नाही.

यामागची गंमत अशी की त्या काचेच्या पातळ फुग्याच्या आत एक पाणी असतं आणि बाहेर आपलं, दोन्हींत फरक असेल तेवढे मिलिव्होल्ट तयार होतात, २५ डिग्रीला एका पीएचमागे साधारण ५९. सातला शून्य. फुगा फुटला की आतलं-बाहेरचं एक होतं, व्होल्टेज मिळत नाही, आणि डबी बिचारी शून्य म्हणजे सात असं समजून बसते. म्हणजे ते सात हे उत्तर नव्हतंच, काहीच ऐकू न येणारा माणूस जसा लग्नात सगळ्यांना "हो हो, बरं बरं" म्हणतो तसलं ते सात. आईचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन बघितलं तर फुग्यावर केसाएवढी चीर. आणि ज्या टोपणात ओला स्पंज असायला हवा ते टोपण कोरडं ठणठणीत, आत पांढरे मिठाचे खडे. म्हणजे हा माल देव जाणे किती दिवस गोडाऊनमध्ये पडून वाळलेला.

झालं, वॉरंटी आहे म्हटलं, फोन करू. मराठीसाठी तीन दाबलं. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगा आला, अतिशय गोड आवाजाचा, बहुतेक विदर्भाकडचा.

"सर, प्रॉडक्टमध्ये काय प्रॉब्लेम येऊन राहिला?"

"सगळीकडे सातच दाखवतंय."

"ओके सर. म्हणजे डिस्प्ले चालू आहे."

"चालू आहे."

"आकडा क्लिअर दिसतोय?"

"एकदम क्लिअर. सात."

"मग सर, प्रॉब्लेम नेमका काय आहे?"

मी त्याला पुड्या सांगितल्या, ग्लास सांगितले, शेवटी लिंबू सांगितलं. लिंबाला तो थबकला.

"सर, तुम्ही फिश टँकमध्ये लिंबू पिळलं?"

"वाटीत पिळलं हो!"

"सर, मॅन्युअलमध्ये लिंबू मेन्शन आहे का?"

इथे मला फार बोलायचं होतं. १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन नावाच्या माणसाने जे यंत्र जमवलं, ज्यावरून पुढे पीएच मीटर घरोघरी गेले, ते बनवलंच मुळी कॅलिफोर्नियातल्या लिंबूवाल्यांसाठी, रसाचा आंबटपणा मोजायला. आणि पीएच ही कल्पना १९०९ साली कोपनहेगनच्या सोरेनसेनने काढली ती कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या लॅबमध्ये. म्हणजे बघा, बिअरवाल्यांनी मोजमाप काढलं, लिंबूवाल्यांनी यंत्र काढलं, आम्ही मासेवाले आपले शेवटी रांगेत. हे सगळं मी त्या मुलाला का सांगावं? सांगितलं मात्र. तो शांतपणे ऐकत होता, मागे कीबोर्डचा आवाज येत होता.

"सर, मी तुमची असुविधा समजू शकतो. एकच कन्फर्म करायचं होतं. प्रॉडक्ट कधी पाण्याच्या कॉन्टॅक्टमध्ये आलं होतं का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आलं होतं ना. पाण्यातच ठेवायचं असतं ते."

"ओके सर. सॉरी सर, लिक्विड डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही."

"अहो, ते लिक्विडच मोजतं!"

"बरोबर सर."

"पाण्यात घातल्याशिवाय ते चालणार कसं?"

"तुमचं म्हणणं मला पटतंय सर. पण सिस्टममध्ये 'वॉटर कॉन्टॅक्ट, येस ऑर नो' एवढंच येतं."

"मग नो टाका."

"सर, तुम्ही आत्ताच येस म्हणालात. कॉल रेकॉर्ड होऊन राहिला."

मी सीनियर मागितला. परत बासरी. सीनियर मॅडम होत्या, त्यांनी सुरुवातीपासून सगळं परत विचारलं आणि मग फार हुशारीने म्हणाल्या, "सर, पाण्यात घालण्याच्या आधी ड्राय कंडिशनमध्ये चेक केलं होतं का?"

"केलं होतं."

"तेव्हा किती दाखवत होतं?"

"सात."

"आणि आता?"

"सात."

"मग सर, परफॉर्मन्समध्ये काहीच फरक पडलेला नाही."

या वाक्याला तोड नाही. मी फोन कानाला लावून तसाच बसलो. नंतर त्यांनी फोटो मागितले, चिरेचा, डबीचा, खोक्याच्या सहाही बाजूंचा, प्रत्येक फोटो २ एमबीच्या आत. केसाएवढी चीर २ एमबीत काय दिसणार, कपाळ! त्यात पोराने मागून टॉर्च धरला, मी भिंग धरलं, बायकोने मोबाइल धरला, आणि फोटोत आला तो टॉर्च. पण डबीवरचा सात मात्र सगळ्या फोटोंत झकास आला, आणि त्यावरच निकाल लागला: "प्रॉडक्ट इज वर्किंग."

हसू येतं, पण खरं सांगू का, डोक्यात जातं. काचेचा प्रोब, म्हणजे तो वायरच्या टोकाचा फुगा, नाशवंत माल आहे. न वापरताही म्हातारा होतो, वापरला तर वर्ष-दोन वर्षं जगतो, कोरडा पडला की कामातून गेला. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, यावर नाही. पाच रुपयांचं ओलं टोपण नीट बंद करायचं नाही, आणि वायर थेट डबीत चिकटवून टाकायची म्हणजे नुसता प्रोब बदलायची सोयच नको, फेका अख्खी डबी आणि नवीन घ्या. विकायच्या वेळी "लॅबोरेटरी ग्रेड", परत करायच्या वेळी "लिक्विड डॅमेज". आणि ज्याने हे केलं तो कधीच फोनवर येत नाही, येतो तो महिन्याच्या पगारावर बासरीमागे बसवलेला एक गोड पोरगा, ज्याच्यावर ओरडलं तर आपल्यालाच रात्री झोप येत नाही. ही सोय अगदी विचार करून केलेली आहे असं माझं ठाम मत आहे. तारे मी त्याला पाच दिले. कंपनीला द्यायची जागाच नव्हती.

सध्या मी थेंबवाली टेस्ट किट आणली आहे. टेस्ट ट्यूबमध्ये टँकचं पाणी, त्यात निळ्या बाटलीतले थेंब, हलवायचं आणि जो रंग येईल तो कार्डावर जुळवायचा. पिवळा म्हणजे ६, मग पोपटी, हिरवा, निळा म्हणजे ७.६. स्वस्त, बॅटरी नाही, वॉरंटी नाही. फक्त रंग कोणता हे ठरायला हवं. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली मोरपंखी, आई म्हणाली छे, हा चिंतामणी, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नेसले होते तो. कार्डावर दोन्ही नाहीत. मी म्हटलं ७.२ की ७.४ एवढंच सांगा, तर आई म्हणाली ट्यूबलाइटमध्ये रंग बघायचाच नसतो, दुकानातसुद्धा साडी बाहेर उजेडात नेऊन बघतात. त्यामुळे आता रोज सकाळी मी बनियनवर गॅलरीत टेस्ट ट्यूब उन्हाला धरून उभा असतो, आणि लाकडामुळे पाणी जरा पिवळ्याकडे गेलं की समोरच्या बिल्डिंगमधले काका पेपर खाली ठेवून तिथूनच ओरडतात, "काय हो, शुगर निघाली का?"