‘डीपवॉटर होरायझन’: आग खोटी, गोष्ट खरी?

‘डीपवॉटर होरायझन’ ही मेक्सिकोच्या आखातातली, समुद्रात तेलविहीर खोदणारी रिग. बीपी या तेल कंपनीच्या विहिरीवर काम करताना २०१० मध्ये तिच्यावर स्फोट झाला, ती पेटली आणि बुडाली. या अपघातावरच्या पीटर बर्ग यांच्या त्याच नावाच्या सिनेमाबद्दलचा (२०१६) एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: रिग, आग, समुद्र सगळी कॉम्प्युटरची करामत, नट नुसते हिरव्या पडद्यासमोर धावले, कथा मात्र शंभर टक्के खरी, आणि बीपीच्या एका हावरट साहेबामुळे अकरा जण गेले, एवढं कळलं की अपघात कळला. गंमत अशी की सिनेमात जे सगळ्यात खरं आहे त्यालाच हा मजकूर खोटं म्हणतो, आणि जिथे शंका घ्यायची तिथे मान डोलावतो.

आधी कॉम्प्युटर. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कतरिना वादळानंतर बंद पडलेलं सिक्स फ्लॅग्ज नावाचं मनोरंजन उद्यान होतं. तिथे या रिगचा सेट उभा केला गेला, मूळच्या ८५ टक्के आकाराचा. त्याला सुमारे ३२ लाख पौंड, म्हणजे साडेचौदाशे टनांच्या आसपास पोलाद लागलं. खाली पाण्याची टाकी, वर चढता-पडता येईल असे खरे जिने आणि डेक, आणि डेकवर पेटवलेल्या खऱ्या ज्वाळा. क्षितिजापर्यंतचा समुद्र आणि आभाळाला भिडणारा आगीचा लोळ कॉम्प्युटरचा, हे कबूल. तो जमिनीवरच्या उद्यानात कुठून येणार? पण दृश्य परिणामांसाठी मिळालेल्या ऑस्कर नामांकनातही कॉम्प्युटरवर दृश्यं घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीच्या मंडळींच्या बरोबरीने सेटवरचे प्रत्यक्ष परिणाम सांभाळणाऱ्या बर्ट डाल्टन यांचं नाव होतं. माझ्या मते सिनेमा तरतो तो या पोलादामुळेच. ज्वाळा जवळ असली की माणूस डोळे कसे बारीक करतो, तोंड कसं फिरवतो, हे पडद्यासमोर उभं राहून साधत नाही.

आता ‘शंभर टक्के खरी’ कथा. बरंच खरं आहे, आणि तेही नेमकं अविश्वसनीय वाटणारं. २० एप्रिल २०१० ला बीपी आणि रिगची मालक कंपनी ट्रान्सओशन यांचे बडे अधिकारी रिगवर आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही, याचं कौतुक करायला. विहीर बंद करायला ओतलेलं सिमेंट नीट बसलंय का हे तपासायला आलेले श्लुम्बर्गर या कंपनीचे लोक चाचणी न करताच परत पाठवले गेले. स्फोट झाला तेव्हा रिगचे प्रमुख खरोखरच अंघोळ करत होते. मार्क वॉलबर्गने ज्यांची भूमिका केली ते माइक विल्यम्स सिनेमाचे सल्लागार होते, त्यामुळे असे तपशील चोख उतरले.

पण शेवटची ती उडी? विल्यम्स यांनी उंचावरून समुद्रात उडी घेतली, हे खरं. घाबरलेल्या सहकारी तरुणीला आधी खाली ढकलणं मात्र पटकथेतलं. ती प्रत्यक्षात जीवरक्षक तराफ्यात चढली होती. शिवाय स्फोटापासून विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली, आणि त्याला सिनेमात नावापुरतीच जागा आहे. तो दिग्दर्शकाचा अधिकार, पण मग ‘शंभर टक्के’ म्हणू नये.

तिसरा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण तो ऐकायला बरा वाटतो. जॉन माल्कोविच यांनी तो बीपीचा माणूस असा रंगवलाय की दुसरा कुणी आठवतच नाही. अमेरिकी न्यायालयाचा हिशेब वेगळा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी बीपीला ६७ टक्के, रिगची मालक ट्रान्सओशनला ३० आणि सिमेंट करणाऱ्या हॅलिबर्टनला ३ टक्के जबाबदार धरलं. बीपीची बेपर्वाई घोर ठरली, त्यात वाद नाही. पण विहीर नीट बंद झाली का हे पाहणाऱ्या दाबाच्या चाचणीचा चुकीचा अर्थ एकट्या साहेबाने लावला नव्हता. तिथल्या दोन्ही बीपी अधिकाऱ्यांवरचे सदोष मनुष्यवधाचे आरोप तर सिनेमा येण्याआधीच, २०१५ मध्ये मागे घेतले गेले.

एका खलनायकाशिवायही मोठा अपघात होतो, हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. २००५ च्या २६ जुलैने मुंबई बुडाली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मला आग लागून २२ जण गेले. सुरुवात कशाने? ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका खानसाम्याची बोटं कापली. खराब हवामानात हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं, आणि ते गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं. यात खलनायक शोधून दाखवा.

मेक्सिकोच्या आखातातही साखळी अशीच होती. विहिरीतला पाइप मधोमध राहावा म्हणून लावायचे सेंट्रलायझर रिगवर ६ होते, हॅलिबर्टनच्या गणितानुसार २१ हवे होते. आणखी १५ हेलिकॉप्टरने आणले, ते चुकीच्या प्रकारचे आहेत असं समजून बाजूला ठेवले, आणि पुढे निघालं की ते बरोबरच होते. या अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाच्या जानेवारी २०११ च्या अहवालातल्या चौथ्या प्रकरणाला याच प्रसंगातल्या एका ईमेलचं वाक्य शीर्षक म्हणून दिलंय. बीपीच्या एका अभियंत्याने स्फोटाच्या चार दिवस आधी सहकाऱ्याला लिहिलं होतं: कुणाला काय पडलंय, झालं ते झालं, विषय संपला, बहुतेक ठीकच होईल आणि सिमेंट चांगलं बसेल.