ना धड इंजिनिअर, ना धड म्युझिशियन? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग आणि म्युझिक टेक्नॉलॉजी एकत्र शिकवणाऱ्या इंग्लंडमधल्या डिग्रीबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनिक्सला म्युझिक टेक्नॉलॉजी जोडली की इंजिनिअरिंग पातळ होतं, पोरगं ना धड इंजिनिअर होतं ना धड म्युझिशियन, आणि वर आईबापांच्या डोक्यावर कर्ज. कर्जाचं मान्य, इंग्लंडची फी झेपत नसेल तर उगाच उडी मारू नये. पण पातळ होतं हे अजिबात पटलं नाही.

मी इंग्लंडमधल्या यॉर्क युनिव्हर्सिटीत हेच शिकले. सर्किट्स, प्रोग्रॅमिंग, सिग्नल प्रोसेसिंग (आवाजासारख्या सिग्नलवर गणिताने काम करणं) यातलं काही सुटत नाही, उलट कान मधे आला की गणित जास्त कडक होतं. एक उदाहरण देते. तार छेडल्याचा आवाज कोडमधून काढायची कार्प्लस-स्ट्राँग नावाची पद्धत आहे, १९८३ ची. थोडा नॉइज (नुसती खरखर) डिले लाइनमध्ये, म्हणजे आवाज ठरावीक वेळ रोखून धरणाऱ्या रांगेत टाकायचा, शेजारच्या दोन सॅम्पलची (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप) सरासरी काढून परत आत सोडायची, तो फिरत राहतो आणि तारेसारखा विरत जातो, कोड जेमतेम पाच-सहा ओळींचा. आता सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरा आणि ८८० हर्ट्झचा सूर मागा. सरासरी काढण्यात अर्ध्या सॅम्पलचा उशीर वाढतो, म्हणून डिले ५० सॅम्पलचा ठेवला तर ८७३ येतो, ४९ चा ठेवला तर ८९१, मधलं काही मिळतच नाही! कागदावर ही एक टक्क्याच्या आसपासची चूक, कोणी सोडूनही देईल, पण शेजारी तानपुरा लावा, लगेच खटकतं. मग सॅम्पलचा अपूर्णांक डिले करायला ऑलपास फिल्टर (आवाजाचा जोर न बदलता फक्त उशीर बदलणारा) बसवावा लागतो, त्याचा फेज डिले, म्हणजे लहर किती मागे पडते ते, त्या सुरापाशी किती येतो हे काढावं लागतं. हे पातळ इंजिनिअरिंग आहे का?

आणि ‘ना धड’चं म्हणाल तर स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग मूळचे संगीतकार, १९६७ मध्ये त्यांना एफएम सिंथेसिस (एका लहरीने दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवून नवे आवाज काढणं) सापडलं, यामाहाने लायसन्स घेतलं आणि १९८३ मध्ये त्यावर चालणारा डीएक्स७ हा कीबोर्ड सिंथेसायझर आला. आपल्याकडे तर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्याचे ओव्हरटोन (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) सुरेल पटीत येतात. त्यांना कोणी अर्धवट म्हणेल का?

नोकरीचं विचारलंत, तर हिअरिंग एड, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, गाडीतला ऑडिओ, सगळीकडे हेच डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) लागतं. फक्त अॅडमिशन घेण्याआधी सिलॅबस उघडून मॅथ्स आणि सिग्नल प्रोसेसिंग किती आहे ते बघा. नुसतं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर शिकवत असतील तर तो वेगळा कोर्स, त्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं.