अमायलॉइड, अ‍ॅस्पिरिन आणि फिरत असलेला एक मेसेज

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: म्हातारपणी मेंदूच्या नसांत ‘अमायलॉइड’ नावाचा कचरा कोलेस्टेरॉलसारखा साचतो, नसा तुंबतात आणि स्मरणशक्ती जाते. वय झालं की हे व्हायचंच. म्हणून साठीनंतर रोज अ‍ॅस्पिरिन घेऊन रक्त पातळ ठेवा. शिवाय आता अमायलॉइड धुऊन काढणारी इंजेक्शनं आली आहेत, ती घेतली की गेलेली स्मृती परत येते.

अमायलॉइड साचतं, एवढं खरं. बाकीचं एकेक पाहू.

“कोलेस्टेरॉलसारखा साचतो.” मेदाचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात वाढतात आणि पोकळी अरुंद करतात. अमायलॉइड बीटा हे प्रथिन बसतं ते भिंतीच्या मधल्या आणि बाहेरच्या थरांत, तेही मेंदूच्या आवरणातल्या आणि बाह्यकातल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) लहान धमन्यांमध्ये. ते खाण्यातून येत नाही. मुख्यतः चेतापेशीच ते आयुष्यभर तयार करतात, आणि त्याचा काही भाग याच भिंतींच्या कडेने मेंदूबाहेर जातो असं दिसतं. वयाबरोबर हा निचरा मंदावला की प्रथिन वाटेतच अडकतं. अल्झायमरच्या प्लाकमध्ये, म्हणजे चेतापेशींभोवती साचलेल्या गुठळ्यांत, 42 अमिनो आम्लांचा प्रकार जास्त सापडतो, तर भिंतींत 40 चा. पुढे भिंतीतल्या स्नायुपेशी मरू लागतात. धमनी गरजेप्रमाणे आकसत-फुगत नाही, ठिसूळ होते, झिरपते, क्वचित फुटते. रक्तपुरवठाही घटतो, हे मान्य. पण या आजाराचं, म्हणजे सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथीचं (सीएए), सगळ्यांत भयंकर रूप म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. मेसेज लिहिणाऱ्याच्या ते गावीही नाही.

“रोज अ‍ॅस्पिरिन घ्या.” इथे मेसेज नुसता चुकीचा राहत नाही, घातक होतो. भिंत आधीच झिरपणारी, त्यात गोठण्याची क्षमता कमी करणारी गोळी! सीएएमुळे एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना तो पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. गोळीने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) तरी टळतो का? ‘अ‍ॅस्प्री’ या चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले 19,114 निरोगी वृद्ध होते. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. 2018 मध्ये निकाल आले: डिमेन्शिया कमी झाला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. हृदयविकारासाठी किंवा स्टेंट बसवल्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी ही गोळी दिली आहे त्यांचा हिशोब वेगळा. हे वाचून त्यांनी ती परस्पर बंद करू नये. सीएए असलेल्यांसाठी खरोखर कामाची गोष्ट म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवणं. ती मेसेजमध्ये नाही, बहुधा फारच साधी असल्यामुळे.

“वय झालं की व्हायचंच.” शवविच्छेदनाच्या अभ्यासांत मध्यम ते तीव्र सीएए अल्झायमरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत दिसतो, स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांत तो 10 टक्क्यांहूनही कमी जणांत. जवळजवळ सर्वांत सापडतं ते वेगळं प्रथिन, मेडिन. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या महाधमनीत ते असतं. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं की मेंदूच्या धमन्यांत मेडिन अमायलॉइड बीटासोबतच साचतं आणि उंदरांत मेडिनचं जनुक काढल्यावर भिंतींतला साठा कमी होतो. उंदरांत, हा शब्द फॉरवर्ड करताना गळतो.

“इंजेक्शन घेतलं की स्मृती परत येते.” लेकॅनेमॅब हे असंच एक इंजेक्शन: त्यातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) अमायलॉइडला चिकटून ते काढायला मदत करतात. त्याच्या अल्झायमरच्या 1,795 रुग्णांवरच्या चाचणीत 18 महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे 27 टक्क्यांनी कमी झाला. घसरण थांबली नाही, गेलेलं परत येणं दूरच. औषध घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्के जणांच्या एमआरआयवर मेंदूला सूज दिसली आणि 17.3 टक्के जणांत रक्तस्रावाच्या खुणा. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काहींना गंभीर त्रास झाला. प्लाकमधून सुटलेलं अमायलॉइड बाहेर पडताना याच भिंतींवर भार टाकतं, असा अंदाज आहे. भिंतींतल्या साठ्यावरही प्रतिपिंडं हल्ला करतात. म्हणूनच एमआरआयवर चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव दिसलेल्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे नसांत अमायलॉइड साचलेल्या ज्या माणसाला मेसेज हे इंजेक्शन सुचवतो, त्यालाच ते देताना डॉक्टर सगळ्यांत जास्त कचरतील.