श्वास कोंडून बुद्धांना बोधी मिळाली नाही, आणि बीपीही जात नाही

माझ्या मोठ्या वहिनींनी रक्तदाबाची गोळी बंद केली. डॉक्टरांना न विचारता. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा योग आणि बुद्धांबद्दलचा एक लांबलचक मेसेज. त्यात म्हटलंय की आज वर्गात शिकवतात ती सगळी आसनं पतंजलींनी सांगितली. बुद्धांनी ध्यान पतंजलींकडून उचललं. बोधिवृक्षाखाली बुद्धांना श्वास रोखूनच ज्ञान मिळालं, म्हणून रोज दोन-दोन मिनिटं श्वास रोखा, २१ दिवसांत बीपीची गोळी सुटेल. आणि विपश्यना या मौनातल्या ध्यानशिबिराच्या १० दिवसांत डिप्रेशन मुळापासून जातं.

मी योगवर्ग घेते, विपश्यनेलाही बसलेली आहे. वर्गातल्या बायकाही ‘ताई, हे खरं का?’ म्हणून हाच मेसेज मला पाठवताहेत. नाही, खरं नाही.

श्वास रोखण्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे दावे नुसते चुकीचे आहेत, हा जिवावर बेतू शकतो.

बुद्धांनी श्वास रोखला होता, हे खरं. मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या महासच्चक सुत्तात ते स्वतःच सांगतात. पण ती बोधीच्या आधीची, कठोर तपश्चर्येच्या काळातली गोष्ट. दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून मन दडपायला गेले, तर काखांतून घाम गळू लागला. मग नाक-तोंड बंद करून श्वास अडवला, तर कानांतून वारा सुटला आणि लोहाराच्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. मग कानही बंद केले. तेव्हा बलदंड माणसाने तीक्ष्ण शस्त्राने डोकं चिरावं तशा कळा आल्या, डोक्याला चामड्याचा पट्टा करकचून आवळल्यासारखी वेदना झाली, पुढे अंगभर निखाऱ्यांवर भाजल्यासारखा दाह. एवढं सोसून हाती काय आलं? काही नाही. उपासही करून पाहिले, तेही सोडले. लहानपणी जांभळीच्या सावलीत सहज लागलेलं ध्यान त्यांना आठवलं. मग त्यांनी अन्न घेतलं, अंगात बळ आलं आणि ते ध्यानाला बसले. म्हणजे मेसेज ज्याला बोधीचा मार्ग म्हणतो, तो बुद्धांनी करून पाहिला आणि सोडून दिला. पुढे त्यांनी शिकवलं ते आनापान. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. कोंडायचं काहीच नाही.

‘पण आपल्या हठयोगात कुंभक आहेच की,’ असं वहिनी म्हणाल्या. आहे ना, कुंभक म्हणजे श्वास रोखणंच. मग हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ काय म्हणतो तेही वाचा. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू वश होतो, नाहीतर ‘अन्यथा हन्ति साधकम्’. घाई केली तर साधकालाच मारतो, इतकं स्पष्ट. आणि लगेच पुढे चुकीच्या प्राणायामाने होणाऱ्या त्रासांची यादी येते: उचकी, दमा, खोकला, आणि डोकं, कान, डोळे दुखणं. डोकं आणि कान! महासच्चक सुत्तात हेच तर आहे. हजाराहून जास्त वर्षांच्या अंतराने दोन परंपरा एकच इशारा देताहेत, आणि मेसेजवाल्याने दोन्हींच्या नावावर नेमकं उलटं खपवलंय.

श्वास ताणून रोखला की त्या वेळी रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांना कुंभक देऊ नये, हे योगशिक्षक सुरुवातीलाच शिकतो. गोळी एकदम बंद केली तर दाब उसळू शकतो, आणि वाढलेला दाब बहुतेक वेळा जाणवतही नाही. त्यामुळे ‘मला तर बरं वाटतंय’ याला काही अर्थ नाही. मशीनवर मोजा.

आता पतंजलींकडून ध्यान उचलल्याचं. बुद्ध ध्यान इतरांकडून शिकले, एवढं मान्य करावं लागेल. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंची नावं पाली ग्रंथांतच आहेत. पण पतंजलींची योगसूत्रं बुद्धांनंतर काही शतकांनी रचली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उलट योगसूत्रांतल्या मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना बौद्धांच्या ब्रह्मविहारांत, म्हणजे ध्यानात जोपासायच्या चार भावनांत, अगदी त्याच नावांनी आहेत. दोन्हीकडच्या साधकांनी शतकानुशतकं एकमेकांचं ऐकलंय, एकमेकांशी वाद घातलेत. त्यात चोर शोधत बसणं मला मनापासून खटकतं.

आसनांचं म्हणाल तर योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, एकाही आसनाचं नाव नाही. हठप्रदीपिकेत १५ आसनं येतात. सूर्यनमस्कार घरोघरी नेले ते औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, विसाव्या शतकात. आजच्या वर्गातल्या बऱ्याच आसनक्रमांना १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगगुरू कृष्णमाचार्यांच्या योगशाळेत आकार आला. म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. मी रोज तेच शिकवते.

राहिली विपश्यना. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंकाजींच्या परंपरेतल्या शिबिरांच्या नियमावलीतच लिहिलंय की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. शिबिरात मौन असतं आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं. आधीच खचलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. त्यामुळे औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका, आणि जायचं की नाही ते आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा.