तुळशी वृंदावनाचा चुना

निवृत्तीनंतर कोकणात, गावच्या घरी आलो आणि पाच कोंबड्या पाळल्या. सकाळी खुराड्याचं दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं, एवढंच काम असेल असं मी धरून चाललो होतो. मधल्या वेळेत त्या काय खातात हा त्यांचा खाजगी मामला. आमची आजी उरलेला भात अंगणात भिरकावायची आणि टोपलीत अंडी मिळायची.

आश्विनातल्या एका सकाळी खुराड्यात हात घातला तर बोटांना काहीतरी लिबलिबीत लागलं. अंडंच होतं, पण कवचाचा पत्ता नाही. नुसती पातळ पिशवी.

"अहो, घाईत घातलंय वाटतं," ही म्हणाली.

पशुखाद्याच्या दुकानात गेलो. "स्टार्टर, ग्रोअर की लेअर?" मला वाटलं, कोंबड्यांची इयत्ता विचारतोय. तसंच निघालं. पिल्लांना स्टार्टर, तलंगांना ग्रोअर आणि अंड्यावर आलेलीला लेअर. लेअरमध्ये अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम, तेच पिल्लांना घातलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

"गोण पन्नास किलोची," दुकानदार म्हणाला. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. पाच जणींचा मिळून अर्धा किलो धरला तरी गोण शंभर दिवस पुरणार. आमच्या दमट हवेत पापड आठ दिवसांत मान टाकतो, आणि बुरशी धरलेलं खाद्य म्हणजे विषच. शेवटी सुटं पाच किलो मागितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिमणीसाठी घेतोय.

घरी थाळीत ओतलं. बायांनी मक्याचे तुकडे तेवढे वेचले आणि उरलेली भुकटी चोचीने उडवून लावली. चिवड्यातले शेंगदाणे खाऊन पोहे ठेवणारी मुलं आमच्या घरात होऊन गेलीत, त्यामुळे दृश्य ओळखीचं होतं. आता सगळी ताकद त्या भुकटीत! मग पाणी घालून कालवून दिलं. निम्मं खाल्लं, निम्मं दुपारपर्यंत आंबलं.

"भाऊ, तांदळाची कणी घाला," शेजारच्या काकी गडग्यावरून म्हणाल्या. "जावयाची नसेल एवढी बडदास्त!" कणी मिटक्या मारत संपली. पण कणीत कॅल्शियम ते कितीसं! दोन दिवसांनी पुन्हा लिबलिबीत अंडं.

शेवटी खाडीवरून कालवांच्या शिंपा गोळा केल्या, भाजल्या, वरवंट्याने कुटल्या (वरवंट्यावरून झालेलं बोलणं इथे देत नाही) आणि करवंटीत घालून खुराड्याशी ठेवल्या. चार दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी अंडं आलं ते खणखणीत. तव्याच्या काठावर दोनदा आपटावं लागलं. मी शिंपांचा चुरा मोजला, करवंटी जशीच्या तशी. मग टक टक आवाज आला म्हणून अंगणात गेलो. तुळशीच्या लग्नासाठी आठवड्यापूर्वी चुना लावलेलं वृंदावन, आणि भोवती पाचही जणी तन्मयतेने टोचत होत्या. भिंतीवर वाळलेला चुना आणि शिंप हे रसायन एकच. कोंबडीच्या मानेच्या उंचीपर्यंत खालचा जांभा उघडा पडला होता.

लग्नाला भटजी आले. अंतरपाट धरण्याआधी वृंदावन एकदा खालून वर न्याहाळलं.

"कोंबड्या किती?"

"पाच."

"तरीच," म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू केली.